अमृत म्हणेपर्यंत

“रेणू तुझ्याबरोबर होती ना?” हेरंबनं विचारलं.

मी गाडीच्या मागच्या सीटवर निशूची ओली चड्डी बदलत होते. मान वर करून पाहिलं तर हेरंब एकटाच. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पाण्याची रिकामी बाटली.

“माझ्याबरोबर कुठली? तुझ्याकडे सोडून आले होते.”

“अगं, तू निशूला घेऊन निघालीस तेव्हा मला वाटलं, दोघांना घेऊन चाललीस.”

आम्ही होतो तिथून गाडीपर्यंत यायला दहा मिनिटं लागतात. त्यात निशूचं रडणं, कपडे शोधणं. म्हणजे निदान वीस-पंचवीस मिनिटं माझी सात वर्षांची मुलगी त्या उजाड कातळाच्या सड्यावर कुणाच्याच बरोबर नव्हती. निशूला तसाच उघडा कडेवर घेतला आणि मी पळत सुटले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. तेव्हा आम्ही कोल्हापुरात राहत होतो. मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे; आजही तेच करते. गळ्यात शिट्टी, आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. ‘सावधान’ म्हटलं की चारशे मुली ताठ झाल्या पाहिजेत आणि ‘विश्राम’ म्हणेपर्यंत एकीनंही नाक खाजवता कामा नये, अशी माझी ख्याती. घरातही फारसं वेगळं नव्हतं. हेरंब म्हणायचा, “आमच्याकडे मुलं झोपतानासुद्धा रांगेत झोपतात.” मला ते ऐकून बरंच वाटायचं.

जिओकॅशिंगचं वेड हेरंबनं आणलं. नवा फोन घेतला होता, त्यावर एका मित्रानं ते अ‍ॅप टाकून दिलं. जगभर लोकांनी छोटे छोटे डबे लपवून ठेवलेत म्हणे. कुणी पुलाखाली, कुणी झाडाच्या ढोलीत. फोनमधला बाण दाखवेल तसं जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा परत लपवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र कळू द्यायचं नाही, नाहीतर डबा गायब होतो. मुलांना हे इतकं आवडलं की टीव्हीचं नाव निघेना. चार वर्षांच्या निशूलाही कळलं, की डोंगरावर जायचं ते खजिन्यासाठी.

अडचण एकच. कुणी माणूस आलं, की ही दोघं आणखीच चिवचिवाट करायची. त्यावर मी तोडगा काढला. आपला विष-अमृताचा खेळ. कुणी येताना दिसलं की मी हळूच म्हणायचं, ‘विष’. दोघांनी जवळच्या आडोशाला बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. माणूस गेला की मी म्हणायचं, ‘अमृत’. की दोघांनी उठायचं आणि जो आधी पळत येऊन डब्याला हात लावेल तो जिंकला. शर्यतीचं मीच जोडलं होतं. पी.टी.च्या बाईंना शर्यतीशिवाय चैन कुठली.

पहिल्याच खेपेला, पन्हाळ्याच्या वाटेवर, रेणू विष असताना हेरंबनं विसरून तिला नावानं हाक मारली. ती ‘ओ’ म्हणून उठली आणि नेमकं बाकावर बसलेल्या एका माणसानं पाहिलं. पुढच्या आठवड्यात अ‍ॅपवर आलं, की तो डबा जागेवर नाही. मी तिला समोर उभं केलं.

“तुझ्यामुळे गेला तो डबा. नाव घेतलं म्हणून उठायचं?”

“बाबा बोलवत होता.”

“बाबा बोलवू दे, मी बोलवू दे, कुणी कितीही हाका मारू देत. अमृत म्हटल्याशिवाय हलायचं नाही. काय म्हटलं मी?”

“अमृत म्हटल्याशिवाय हलायचं नाही.”

तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्या वेळी तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. मी मनात म्हटलं, पोरगी गुणाची आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही देवगडकडे गेलो होतो. तिथल्या एका सड्यावर डबा असल्याचं अ‍ॅप दाखवत होतं. सडा म्हणजे नुसतं कातळाचं पठार. वाळलेलं गवत, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या, आणि बांधकामाचे चिरे काढून काढून सोडून दिलेल्या खाणी. घराच्या भिंतीसारख्या सरळ कापलेल्या, तळाला हिरवं पाणी, आणि काठाला कुंपण सोडा, साधा दगडसुद्धा रचलेला नाही. आल्याआल्याच मी मुलांना बजावलं होतं, खाणीकडे जायचं नाही.

बाण सांगत होता, आठ मीटर. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चार म्हशी घेऊन समोरून आले. मी हळूच म्हटलं, “विष.” दोन्ही पोरं दिसेनाशी झाली.

म्हातारबुवा मात्र गप्पिष्ट निघाले. नाव भिवा परब. “काय सोधतास हयसर?” म्हणून त्यांनी विचारलं आणि हेरंबनं फुलपाखरांची थाप मारली. मग कुठली फुलपाखरं कधी येतात इथपासून त्यांचा मुलगा मुंबईत कुठे असतो इथपर्यंत सगळं झालं. मध्येच निशू जाळीतून भोकाड पसरत बाहेर आला. चड्डी ओली. मी त्याला उचललं, हेरंबला म्हटलं, “मी गाडीकडे जाते,” आणि निघाले. परब म्हशींमागे गेले. हेरंबनं अजून थोडा वेळ डबा शोधला, मिळाला नाही, तोही आला.

एवढंच झालं होतं. आम्हा मोठ्यांपुरता खेळ निशू रडत आला तेव्हाच संपला होता.

“रेणूऽऽ!”

माझा आवाज त्या सपाट जागेवरून लांब गेला आणि परत आला नाही. गवत वाऱ्यानं हलत होतं. मी डब्याच्या जागेपाशी पोचले, गोल फिरून पाहिलं. कुणी नाही. त्या दिवशी मीच तिला खाकी हाफपँट आणि मळकट हिरवा टी-शर्ट घातला होता. सड्यावर उठून दिसू नये म्हणून. स्वतःच्या हुशारीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

“मी पलीकडच्या खाणीकडे बघतो,” हेरंब म्हणाला. “तू इथली बघ.”

“पाण्यात बघ,” असं मला म्हणायचं होतं. म्हणायची गरज पडली नाही. तो समजला आणि पळाला.

इथली खाण चाळीसेक पावलांवर होती. मी काठापाशी गेले आणि थांबले. वाकून पाहायची हिंमत होईना. निशूला घट्ट धरलं, डोळे मिटले, उघडले आणि खाली पाहिलं. तळ लांब होता. हिरव्या पाण्यावर हिरवंच काहीतरी फुगून तरंगत होतं. टी-शर्टाएवढं.

मी खाली बसले. ओरडतही नव्हते बहुतेक, घशातून कसला तरी आवाज येत होता.

“खताची पिशवी ती,” मागून कुणी तरी म्हणालं. परब आजोबा म्हशी सोडून परत आले होते. “महिनोभर तरंगता हा थय. काय झाला?”

“माझी मुलगी.”

“दुसरां पण आसा पोर? माका तर ह्योच एक दिसलो.”

“ती लपली होती. तुम्ही आलात म्हणून लपली होती.”

त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे. त्यांनी काठी टेकली, पाण्याकडे बराच वेळ नीट पाहिलं, मग चारी बाजूंच्या कडा नजरेखालून घातल्या. “पाणी हललेला नाय,” ते म्हणाले. “वर शेवाळ सगळा धरून आसा. रडा नको, बाये. नाव काय चेडवाचा?”

“रेणू.”

मग आम्ही दोघं हाका मारत सुटलो. “रेणूऽऽ. रेणू, बाळा, कुठायस? रेणू, आईला ओ दे.” जाळ्यांमधून, गवतातून, त्याच त्याच जागांवरून मी पळत होते. करवंदीच्या काट्यानं पाय फाटला ते नंतर कळलं. डोक्यात एकेक चित्र येत होतं आणि मी ते ढकलून देत होते. सड्यावर घोणस असते, असं हॉटेलवाला सकाळीच म्हणाला होता. सूर्य समुद्राकडे उतरायला लागला होता. अजून तासभर उजेड होता, फार तर सव्वा तास. लांबून हेरंबच्या हाका येत होत्या आणि प्रत्येक हाकेनंतरची शांतता आधीच्यापेक्षा लांब वाटत होती. मी रडत होते. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात उघड्यावर, परक्या माणसासमोर मी कधी रडले नव्हते.

“हाकेक ओ कित्याक देणा नाय?” परब आजोबा स्वतःशीच म्हणाले. “हयसर आसात तर आयकाक येतलाच की.”

निशू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होता. इतका वेळ तो गप्प होता, कारण मी रडताना त्यानंही मला कधी पाहिलं नव्हतं. तो माझ्या कानाशी म्हणाला, “आई, ताईला कुणी अमृत दिलंच नाही.”

मी जागच्या जागी थांबले.

तीनदा म्हणून घेतलं होतं मी. बाबा बोलवू दे, मी बोलवू दे, कुणी कितीही हाका मारू देत.

इथंच होती ती. कुठंतरी अगदी जवळ, पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि मी नावानं हाका मारत तिच्यासमोरून पळत होते. मी छाती भरून श्वास घेतला. एक शब्द. मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा माझा आवाज. ओठ उघडले होते, तेवढ्यात मला पुढचं दिसलं. अमृत म्हटलं की ती काय करते? उठते आणि पळते. मागंपुढं न बघता, निशूच्या आधी हात लावायचा म्हणून, जीव खाऊन पळते. आणि ती कुठं बसली आहे हे मला माहीत नव्हतं.

मी तोंड मिटलं. मग एकदम निशूचं तोंड हातानं दाबलं, कारण तो शब्द त्यालाही येत होता.

“आजोबा, ह्याला धरा. ह्याचं तोंड धरा. एक शब्दसुद्धा बोलू देऊ नका.”

परब आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असंच त्यांना वाटलं असणार. पण त्यांनी निशूला घेतलं, काठी टाकली आणि आपला रापलेला तळवा त्याच्या तोंडावर ठेवला. निशूही शहाण्यासारखा गप्प राहिला.

मी मगाशी जिथं ‘विष’ म्हटलं होतं तिथं जाऊन उभी राहिले. म्हशी आल्या होत्या पश्चिमेकडून. त्या बाजूनं येणाऱ्या माणसाला दिसायचं नाही, तर कुठं बसेल ती? मी पूर्वेकडे वळले. वीस पावलांवर करवंदीची एक मोठी जाळी होती. तिच्या या बाजूनं मी दोनदा पळत गेले होते. जाळीच्या पलीकडे त्याच खाणीचा आत वळलेला, मघाच्या काठावरून न दिसणारा कोपरा होता. पण त्या जाळीनं काठ पूर्ण झाकला होता. सात वर्षांच्या मुलीला तिथं खाण आहे हे कळलंही नसेल.

मी खाली वाकून जाळीच्या बुंध्यांमधून पाहिलं. एक पांढरी नाडी दिसली. बुटाची. सकाळी मीच दोन गाठी मारून बांधलेली.

काठ तिथं तुटून उतरता झाला होता आणि ती त्याच्या हातभर खाली होती. चिरे कापताना सुटलेली एक पायरी होती तिथं, जेमतेम एका चिऱ्याएवढी रुंद, तिच्यावर उकिडवी. तोंड जाळीकडे, पाठ खाणीकडे. बुटांच्या टाचा पायरीच्या बाहेर. जाळीतून आत शिरताना घसरून तिथं गेली असणार. तिचे डोळे माझ्यावर होते. नुसते डोळे हलत होते.

मला तिचं नाव घ्यावंसं वाटलं, हसावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. शाळेत ज्या नजरेनं मी मुलींना जागच्या जागी उभं ठेवते, त्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं. सावधान. ती आणखी ताठ झाली.

“उभ्यान जाव नको,” परब आजोबा मागून अगदी हलक्या आवाजात म्हणाले. त्यांना आता सगळं दिसलं होतं. “पोटावर जावा. कडेचे चिरे सुटलेले आसत.”

मी पालथी झाले आणि जाळीखालून सरकू लागले. काटे केसांत अडकत होते, बाही फाटली. प्रत्येक वेळी कोपर टेकला की बारीक खडे सुटायचे, रेणूच्या बुटाशेजारून खाली जायचे, आणि बऱ्याच वेळानं पाण्यात पडल्याचा आवाज यायचा. ती माझ्याकडे बघत होती. तिचा खालचा ओठ थरथरत होता, पण ती हलली नाही. मी जिला घरात शिस्त लावत होते, ती मुलगी मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. भीतीनं तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

लांबून हेरंबची हाक आली. “रेणूऽऽ!” आता यालाही आठवलं तर, माझ्या मनात आलं. आता यानं तो शब्द उच्चारला तर. मी देवाला हात जोडणाऱ्यातली नाही. पण त्या दोन हात अंतरात मी एकच गोष्ट मागत होते, की माझ्या नवऱ्याला काही सुचू नये.

माझा हात तिच्या मनगटाला पोचला. धरलं. दुसऱ्या हातानं हाफपँटचा पट्टा धरला, बोटं आत घालून, पक्का. पाय मागं जाळीच्या बुंध्यात अडकवले.

मग मी तिच्या कानाशी म्हटलं, “अमृत.”

ती उसळली. अगदी शर्यतीत उसळावी तशीच. तिच्या पायाखालचा चिरा निघाला आणि माझे दोन्ही खांदे एकदम खाली ओढले गेले. क्षणभर तिचं सगळं वजन माझ्या हातांत होतं आणि तिचे पाय कशावरच नव्हते. चिरा पाण्यात पडला. तो आवाज अजूनही कधी कधी ऐकू येतो, साधी बादली विहिरीत पडली तरी. मग कुणीतरी माझे घोटे धरून मागं ओढायला लागलं. परब आजोबा. निशूला बाजूला बसवून ते आले होते. आम्ही दोघी काट्यांतून ओरबाडत बाहेर आलो.

मी तिला छातीशी धरलं तेव्हा ती माझ्या हातातून सुटायची धडपड करत होती.

“आई, सोड ना. डबा कुठाय? निशू आधी हात लावेल.”

“गावला चेडू,” परब आजोबांनी पलीकडे ओरडून सांगितलं. हेरंब पळत आला, आम्हाला पाहिलं आणि गवतात मटकन बसला. निघताना परब आजोबांनी मला काठीच्या टोकानं ती जाळी दाखवली आणि म्हणाले, “चेडू तुमचा लय आयकणारा हा.” त्यांनी ते कौतुकानं म्हटलं की कसं, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

गाडीत मी मागं बसले, दोघांना दोन्ही बाजूंना घेऊन. निशू लगेच झोपला. रेणू खिडकीबाहेर बघत होती. देवगडचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती म्हणाली, “माझी पिवळी गोटी पडली. डब्यात ठेवायला आणलेली ती. टुबुक वाजलं. तेव्हाच मला कळलं मागे पाणी आहे.”

“मग हाक का नाही मारलीस बाळा?”

“विष होते ना.”

“आम्ही किती हाका मारत होतो.”

“ऐकू येत होत्या. तू जाळीपाशी आलीस ना, तेव्हा दिसत पण होतीस. रडत होतीस.” तिनं माझ्या फाटलेल्या बाहीला हात लावला. “मला वाटलं, आता म्हणशील. आता म्हणशील. पण तू म्हणालीच नाहीस.”

हेरंबचे डोळे मला समोरच्या आरशात दिसत होते.

“मी हलले नाही,” रेणू म्हणाली. “बरोबर केलं ना?”

मी तिला माझ्याकडे वळवलं. म्हटलं, “रेणू, नीट ऐक. ह्यापुढं मी हाक मारली की यायचं. मी रडत असले की यायचं. तुला भीती वाटली तर ओरडायचं. अमृतची वाट बघायची नाही. कधीच नाही. कळलं?”

तिनं मान हलवली. मग थोडा विचार केला. माझी मुलगी कुठलाही नियम नीट समजून घेतल्याशिवाय घेत नाही, ते ती माझ्याकडूनच शिकली आहे.

“आणि मी काठावर असले तर?” तिनं विचारलं.